जास्तीची चावी

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खाली लेथ मशीन आणि वर आम्ही, अशा इमारतीत मी बारा वर्षं सिनेमे तपासतोय. कोणाला सांगितलं की म्हणतात, मजा आहे बुवा तुझी, फुकटात पिक्चर. मी आता उत्तर देत नाही. तपासणाऱ्याला सिनेमा दिसतच नाही. त्याला पडद्यावरचा ठिपका दिसतो, ओठांच्या मागे राहिलेला आवाज ऐकू येतो, सबटायटलमधली राहून गेलेली वेलांटी टोचते. नायिका धाय मोकलून रडत असते तेव्हा मी तिच्या खांद्यावर रंग फाटलाय का ते बघत असतो.

सिनेमा बनला, सेन्सॉरचा कागद मिळाला, की तो आमच्याकडे येतो. आम्ही तो तपासतो, कुलूपबंद करतो आणि थिएटरांना पाठवतो, कुठे डिस्कवर, कुठे इंटरनेटवरून. कुलूपबंद हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाहीये. थिएटरच्या मशीनमध्ये अख्खा सिनेमा येऊन पडला तरी तो चालत नाही. त्याची चावी वेगळी असते आणि ती ईमेलने जाते. एका थिएटरची चावी दुसऱ्याच्या मशीनला लागत नाही, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेआधी ती कोणाच्या बापाला उघडत नाही. पूर्वी रिळांचे पत्र्याचे डबे टॅक्सीतून फिरायचे, हरवायचे, कधी अर्धा सिनेमा एका गावात आणि अर्धा दुसऱ्या गावात पोचायचा. आता काही हरवत नाही. निदान मी तसं समजत होतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढे जे झालं ते एका चावीमुळे झालं, आणि ती चावी मी सोडली होती.

चारकोपला आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहते. नात्याने कोणी नाही, पण माझी आई आणि ती एकाच गावच्या, मालवणच्या बाजूच्या. काकीचा नवरा गिरणीत होता. गिरणी गेल्यावर तो वॉचमन झाला आणि फार दिवस काढले नाहीत त्याने. मागे एकच मुलगा. तो आणि मी एका वयाचे, शाळेत एका बाकावरचे, मारही बहुतेक वेळा एकत्रच खाल्लेला.

सेक्टरात तेव्हा बांधकामं चालू होती. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून खाली रेतीच्या ढिगावर उड्या मारायचा आमचा खेळ होता. उडी मारण्याआधी दोन्ही तळवे पँटच्या मागच्या बाजूला पुसायचे, दोनदा. हा नियम त्याने काढलेला. हात ओले असले की माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरून उडी मारायची नाही, असं त्याचं म्हणणं. मी शेंबडा एकदा नुसताच उडी मारायला निघालो तर त्याने माझी कॉलर धरून मागे ओढलं. "आधी हात पूस. मग मर." मी चार-पाच उड्यांनंतर तो नाद सोडला. त्याने त्याचाच धंदा केला.

सिनेमात नायकाच्या ऐवजी जे पडतात, आपटतात, काचेतून आरपार जातात, त्यांना फायटर म्हणतात. तो फायटर झाला. नायकाचेच कपडे, नायकासारखाच केसांचा टोप, आणि कॅमेऱ्याकडे कायम पाठ. पंधरा वर्षांत त्याचा चेहरा पडद्यावर कोणी पाहिला नाही. पण काकी त्याला ओळखायची. त्याचा प्रत्येक सिनेमा ती शुक्रवारी पहिल्या शोला बघायची, बोरीवलीच्या एकाच थिएटरात, शक्यतो एकाच रांगेत. मारामारी सुरू झाली की ती पदर खोचायची आणि माझ्या आईला कोपराने ढोसायची. "थांब, आता पडतलो तो माझो." आणि तो तोच असायचा. दहा जण एकदम पडले तरी तिला कळायचं. मी विचारलं होतं एकदा, कसं ओळखतेस. ती म्हणाली, चालायला मी शिकवलंय त्याला, पडायला पण माझ्यासमोरच शिकलाय.

घरी आल्यावर ती त्याला मार्क द्यायची. अमक्या ठिकाणी गुडघा आधी टेकवलास, तमक्या ठिकाणी हात नीट पुसले नाहीस. तो हसायचा. त्याच्या फाइट मास्टरपेक्षा त्याला तिची भीती जास्त होती.

गेल्या वर्षी गोरेगावच्या एका स्टुडिओत तो पडला आणि उठला नाही. हवेलीचा सेट होता, तिसऱ्या मजल्याची गॅलरी. खाली रिकाम्या खोक्यांचा थर आणि वर गाद्या, नेहमीसारखं. तो खोक्यांच्या कडेला पडला, डोकं फरशीवर. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारला.

मास्टर घरी आला होता. हात जोडून बसला. त्याने सांगितलं की सिग्नल मिळण्याआधीच त्याने उडी मारली. खाली पोरं अजून खोकी सरकवत होती. घाई केली काकी, काय सांगू. पोलिसांच्या कागदातही तेच आलं, स्वतःच्या चुकीने. सेक्टरात तेच पसरलं. घाई नडली म्हणायचे लोक, रिक्षावाला सिग्नल तोडून मेला तर म्हणतात त्या सुरात.

काकी सगळ्यांना एकच वाक्य सांगायची. "माझो झील घाई करणारो नाय." आलेला माणूस मान हलवायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. मीही मान हलवली. कुठलीही आई गेलेल्या मुलाबद्दल असंच बोलते, असं मला वाटायचं. वर्षभर ती ते वाक्य बोलत राहिली आणि आम्ही वर्षभर चहा पीत राहिलो.

मग तो सिनेमा आमच्याकडे तपासायला आला.

सोमवार होता. मला ठाऊक होतं कोणता सिनेमा आहे, आणि तरी मी तो दुसऱ्या कोणाला दिला नाही. काकीच्या मुलाचा एक शॉट असा होता ज्यात तो नायक झाला नव्हता, खलनायकाच्या मागे उभ्या असलेल्या चार जणांत होता. तीन-चार सेकंद, पण चेहरा दिसत होता. जिवंत, च्युइंग गम चघळत. मी तो शॉट थांबवून बराच वेळ बघितला. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी काकीला फोन करून ते सांगितलं, हा माझा पहिला मूर्खपणा. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तेचा तोंड दिसता मा? मग मी बघूक जातलंय."

जेवून आल्यावर मध्यंतरानंतरचा भाग लावला. हवेली आली. गॅलरी आली. नायकाच्या कपड्यांतली ती पाठ मी लगेच ओळखली, मला काकीइतकी नजर नसली तरी. त्यांनी तोच शॉट ठेवला होता. खाली आपटायच्या आधी कापला होता, पण उडी तीच होती, त्या दिवसाची. माझी मान खाली गेली. नियमाप्रमाणे तो भाग पुन्हा लावला, तेव्हा डोळे पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवले आणि आवाज तेवढा ऐकला. रिपोर्टमध्ये लिहिलं, दोष नाही. बारा वर्षांत न बघता सही केलेला तो एकच शॉट.

तिने हे बघता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. सगळं आयुष्य त्याचं पडणं बघून घरी आल्यावर ती त्याला मार्क द्यायची. हे पडणं तिने बघितलं तर ती जगणार नाही, असं मला खरोखर वाटलं. मी आमच्या मॅडमकडे गेलो. आमच्या ऑफिसच्या त्या प्रमुख. वीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई, रागीट पण मनाची चांगली.

"तू म्हणतोस ते बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या. "पण हे लोक एक सेकंद कापायला रडतात. शुक्रवारी रिलीज आहे. कोण ऐकणार?"

तरी त्यांनी निर्मात्यांच्या ऑफिसला फोन लावला. मी समोरच बसलो होतो. त्यांनी सांगितलं की आमच्या एका माणसाने मुलाला ओळखलंय, त्याची आई सिनेमा बघायला जाणार आहे. पलीकडे शांतता झाली असावी, कारण मॅडम दोनदा हॅलो म्हणाल्या. मग पलीकडून विचारलं गेलं, कोणी ओळखलं, कशावरून ओळखलं. दहा मिनिटांत पुन्हा फोन आला. शॉट काढतोय, उद्या तेवढा भाग बदलून पाठवतो, जुना कुठेही लागू देऊ नका.

सेन्सॉर झाल्यावर कापायचं म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा सह्या, नाना कटकटी. एवढ्या सगळ्याला कोणी दहा मिनिटांत हो म्हणालेलं मी पाहिलं नव्हतं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली होती. मला मात्र भरून आलं. माणुसकी अजून शिल्लक आहे वगैरे वाक्यं माझ्या मनात आली, याची आता लाज वाटते.

माझा रिपोर्ट गेला तशी सोमवारीच जुनी आवृत्ती थिएटरांकडे निघाली होती; बुधवारी नवीनही सगळीकडे रवाना झाली. आता धंद्याची एक सवय सांगतो, जी शाळेत कोणी शिकवत नाही. आमच्याकडे पाप एकच, शो बंद पडणं. पडदा काळा झाला की लोक खुर्च्या तोडतात आणि थिएटरवाला आमची आई-बहीण काढतो. म्हणून ऐन वेळी बदललेला भाग जातो तेव्हा आम्ही जुन्या आवृत्तीची चावीही सोडून ठेवतो. एखाद्या ठिकाणी नवीन पूर्ण उतरलं नाही, तर निदान जुनं चालेल. सेफ्टी म्हणतो आम्ही त्याला. चाव्यांची यादी मी करतो. नवीनची चावी, खाली जुनीची चावी. इतक्या वेळा केलंय की हात आपसूक जातो.

बुधवारी दुपारी ती यादी भरत असताना काकीचा फोन आला. शुक्रवारचं तिकीट काढ, नेहमीच्या रांगेतलं. फोन खांद्यात धरून मी तिच्याशी बोललो, तिकीट काढून देतो म्हणालो, आणि बोलता बोलता यादी पाठवून दिली. खाली जुनीची चावी होती.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याबरोबर जाणार होतो. पण रिलीजच्या सकाळी आमच्या ऑफिसात फोनला उसंत नसते. तिला म्हटलं, मध्यंतरापर्यंत येतो. "मी येकटी जातंय," ती म्हणाली. "रिक्षात बसव माका." तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पर्समध्ये त्याचा पासपोर्ट साइज फोटो घेतला होता. का, ते मी विचारलं नाही. तिला रिक्षात बसवून मी अंधेरीला गेलो.

बाराला दहा कमी असताना बोरीवलीच्या थिएटरच्या ऑपरेटरचा फोन आला. पन्नाशीचा माणूस, रिळांच्या काळापासून मशीनवर असलेला. आमची ओळख फोनवरचीच, पण जुनी.

"अरे, तुमचं नवीन व्हर्जन अर्धंच उतरलंय यार. नेटची वाट लागलीय सकाळपासून. पण जुन्याची चावी चालतेय, तेच लावतो. तुला सांगून ठेवलं."

मी म्हणालो, जुन्याची चावी कशी चालतेय. तो म्हणाला, "तूच पाठवलीस ना. मेल आहे माझ्याकडे."

"नको लावूस."

"पब्लिक बसलंय. काय लावू मग, भजन?"

ऑफिसातले फोन दुसऱ्याच्या गळ्यात मारून निघेपर्यंत पाऊण वाजला. मी स्कूटर काढली. लिंक रोडवर मेट्रोच्या खांबांखालून, सिग्नलला थांबलो की फोन, हललो की फोन खिशात. त्याला विनवलं, मध्यंतराला नवीन लाव. तो म्हणाला, दीड वाजेपर्यंत उतरलं तर बघतो, पण मॅनेजरला विचारावं लागेल. मालाडला फोन केला तर अजून उतरलं नव्हतं. कांदिवलीला केला तर मॅनेजरने नाही सांगितलं होतं. "मधेच आवृत्ती बदलून काही गडबड झाली तर कोण बघणार, बोलतोय. तुला एवढं काय झालंय पण?" मला काय झालंय ते स्कूटरवरून सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. आत अंधारात डोळे बसायला वेळ लागला. थिएटर अर्धंही भरलं नव्हतं. काकी तिच्या रांगेत, शेजारची खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवून, हातात पॉपकॉर्नचा न उघडलेला पुडा. मी बसलो तसं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "दिसलो. चघळी होतो कायतरी."

"काकी, चल, निघूया," मी म्हणालो. "माझं डोकं दुखतंय. घरी जाऊ."

"तू जा."

"पुढे काही नाहीये आता. त्याचा तेवढाच भाग होता."

"गप बस. माका बघूंदे."

पडद्यावर हवेली आली. मी उठून उभा राहिलो, मागच्या माणसाने आवाज दिला, मी बसलो. गॅलरीचं दार उघडलं. मी तळहात तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने माझं मनगट पकडून हात खाली आणला आणि तसाच मांडीवर दाबून धरला. तिची पकड मला अजून आठवते, भांडी घासलेल्या हातांची. मी पडद्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती पुढे झुकली. तिचे ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. पडद्यावरचा उजेड एकदा तिच्या चेहऱ्यावरून गेला आणि ती पुन्हा मागे टेकली. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती कोसळेल, आणि मी आधार द्यायला तयार होऊन बसलो होतो.

सिनेमा संपेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. बाहेर पायऱ्यांवर उन्हात आलो, तेव्हा म्हणाली, "तेना हात पुसूक नाय."

मला वाटलं शोकाने बोलतेय. "काकी, एवढ्या लांबून काय कळतंय?"

"दोनदा पुसता तो. एकदा पण पुसूक नाय. मागे बघी होतो कोणाकतरी." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तो तयार नाय होतो. तयार नसताना तेका सोडल्यानी."

वर्षभरात पहिल्यांदा ती मला हलकी वाटली. तिच्या मुलाने घाई केली नव्हती. मी तिला रिक्षात बसवलं. आणि मग, पार्किंगमध्ये उभं राहून, मी काय केलं? ऑपरेटरला फोन केला. नवीन उतरलं होतं. पुढच्या शोपासून तेच लाव, आणि जुनं मशीनमधून पुसून टाक, आत्ता, म्हणून सांगितलं. आणखी दोन थिएटरांत जुनं लागलं होतं, तिथेही फोन केले. ते पुसलं गेल्याचे मेसेज येईपर्यंत जागचा हललो नाही. चूक निस्तरायची हेच माझ्या अंगात मुरलेलं. ती काय बोलली ते कानात होतं, डोक्यात उतरायला रविवार उजाडला.

शनिवारी काकी मला न सांगता पुन्हा गेली होती. रविवारी सकाळी दारात आली. "काल ती उडी नाय होती. काढल्यानी?"

"हो काकी. काढली."

"माका परत एकदा बघूचा आसा. तुझ्याकडे आसा मा?"

"नाही," मी म्हणालो. "आता कुठेच नाहीये."

ऑफिसच्या कपाटात, तिसऱ्या खणात, जुन्या आवृत्तीची डिस्क होती. ते मला खोटं बोलताना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं. "जुन्याचं आपल्याकडे काही ठेवायचं नाही. तिकडून दोनदा फोन आला. डिस्क पुसून फॉर्म पाठव, आजच्या आज. आणि जुनी चावी कोणी सोडली ते विचारत होते." त्यांनी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला. "मी तुझं नाव सांगितलेलं नाही. अजून." त्यांना दमदाटी करायची नव्हती, त्या घाबरल्या होत्या. वीस वर्षं धंद्यात काढलेली बाई घाबरलेली पाहिली की आपणही घाबरतो.

डिस्क घेऊन मी तपासायच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि तो शॉट लावला. या वेळी मान खाली घातली नाही. एक एक चित्र पुढे सरकवत गेलो, जे माझं कामच आहे.

तो कठड्यावर उभा आहे. दोन्ही हात मोकळे, अंगापासून लांब. पँटपर्यंत ते गेलेच नाहीत. त्याची मान डावीकडे मागे वळते, गॅलरीच्या आतल्या अंधाराकडे. उजवा हात वर येतो, पंजा उघडा, थांबा म्हणताना माणूस करतो तसा. मग गॅलरीच्या अंधारातून त्याच्या पाठीजवळ काहीतरी येतं. बाही असेल, सावली असेल, मी शपथेवर सांगणार नाही. आणि तो खाली जातो, पाय आधी सुटल्यासारखा. त्याने आयुष्यात अशी उडी मारली नव्हती. ती उडी नव्हतीच.

मी ते किती वेळा बघितलं ते मोजलं नाही. मोबाइल काढला होता. त्या खोलीत मोबाइल न्यायला मनाई, मी लपवून नेला होता. पडद्यासमोर धरला. आणि मला मॅडमचं ते 'अजून' आठवलं, घराचं भाडं आठवलं, मुलीची शाळा आठवली, आणि हेही आठवलं की आम्ही पाठवलेल्या प्रत्येक सिनेमात न दिसणारी खूण असते, कोणी चोरून चित्रित केलं तर कोणत्या मशीनवरून ते नेमकं कळतं. ती खूण बरोबर बसलीय का, हेही मीच तपासतो. मोबाइल खिशात ठेवला. डिस्क पुसायला लावली. अर्धा तास लागतो. मी समोर बसून राहिलो. संपल्यावर फॉर्म भरला, पुसले, तपासले, सही. सही नेहमीसारखी आली, याचं मला नवल वाटलं.

पंधरा दिवस मी काकीला टाळलं. उशिरा यायचो, ती ओट्यावर असली की पलीकडच्या गल्लीतून आत शिरायचो. पण शेजार किती दिवस टाळणार. एका संध्याकाळी ती आमच्या दारातच बसून होती, आईशी बोलत. मी आलो तशी आई आत गेली. काकी पोलीस चौकीत जाऊन आली होती, एकटी, दोन बस बदलून. तिथल्या साहेबाने नीट ऐकून घेतलं म्हणाली. मग त्याने कोणालातरी फोन लावला आणि तिला सांगितलं, बाई, त्या सिनेमात असा शॉटच नाही.

"ते म्हणतत, पिक्चरात असा काय नायच. म्हातारेक भास झालो म्हणतत." तिच्या मांडीवर तिकिटाचा तुकडा होता आणि तो फोटो. "कोण बघणारो होतो काय, इचारल्यान. मी म्हटलंय, आसा. तू होतंस मा माझ्या बाजूक. तू बघितलंस मा?"

आतून आईचा भांड्यांचा आवाज यायचा थांबला.

"काकी," मी म्हणालो, "मी तुझ्याकडे बघत होतो. मला काही नीट दिसलं नाही."

थिएटरापुरतं ते खरं होतं. मी तेवढंच खरं धरून उभा राहिलो, आणि वाट बघितली की ती रडेल, चिडेल, निदान शिवी घालेल.

ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली होती, माझ्या कमरेच्या जरा मागे. मीही खाली पाहिलं. माझे दोन्ही तळवे पँटच्या मागच्या बाजूला पुसले जात होते. एकदा झालं होतं, दुसऱ्यांदा चाललं होतं.

तिने तिकीट आणि फोटो पर्समध्ये ठेवला, भिंतीला हात टेकवून उठली आणि तिच्या खोलीत गेली. त्यानंतर तिने मला काही विचारलेलं नाही.